एकाच पाण्यात दोन रांचू

सुगानुमाच्या मागच्या फाटकाशी कुवाबाराने दोन्ही हात कोपरापर्यंत जंतू मारायच्या औषधाच्या बादलीत बुडवले, मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि मगच कडी काढली. बुटांचे तळसुद्धा त्याने त्याच पाण्यात बुचकळून घेतले. गेले दोन आठवडे रोज सकाळी साडेसहाला हेच चाललं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुगानुमाची बायको फुमिए त्याच्याकडे बघून हसली.

"कुवाबारासान, हॉस्पिटलातले डॉक्टरसुद्धा एवढे हात धूत नाहीत हो. काल मी डोळ्यांनी पाहिलं."

"डॉक्टरांना माणसं सांभाळायची असतात," कुवाबारा म्हणाला. "माणसं चिवट असतात."

सुगानुमा न्हावी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो दुकानाची पाटी पुसायला शिडीवर चढला आणि खाली आला तो मांडीचं हाड मोडून घेऊनच. हॉस्पिटलात कुवाबारा भेटायला गेला तेव्हा पायाचं बोलायचं सोडून हा आपल्या हौदातल्या सोनमाशांचंच बोलत बसला. ऑक्टोबरअखेर मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन, आणि हा खाटेला खिळलेला. "दुसऱ्या कुणाच्या हाती देववत नाही, कुवाबारासान. हे सगळं तुम्हीच तर शिकवलंत मला," असं तो म्हणाला. ते इतकं मनापासून म्हणाला की कुवाबाराला त्याचा आणखीच राग आला.

कुवाबाराने चौतीस वर्षं गॅसची मीटरं वाचली. मीटर नेहमी घराच्या मागच्या अंगाला असतं, त्यामुळे अख्ख्या गावाची परसं त्याला तोंडपाठ होती. आठ वर्षांपूर्वी त्याला या परसात एका बादलीत चार मरतुकडे सोनमासे दिसले आणि त्याचा जीव कळवळला. त्याने सुगानुमाला बसवून सांगितलं की पाणी हिरवं दिसलं म्हणजे घाण झालं असं नाही, त्या हिरव्या पाण्यातच मासा अंग धरतो. बदलताना सगळं कधी ओतायचं नाही, थोडं जुनं नव्यात मिसळायचं. नवं पाणी आदल्या दिवशी भरून मुरवायचं. खायला किती घालायचं, हे माशाच्या भुकेवर नाही, त्या दिवशीच्या उन्हावर ठरवायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दोन घरचे मासे एका पाण्यात कधी आणायचे नाहीत. दिसायला दोन्ही ठणठणीत असतात, पण एकाच्या अंगात मुरलेला रोग दुसऱ्याला खाऊन टाकतो. जाळी उसनी द्यायची नाही, मागायची नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने स्वतःच्या वाणाची चाळीस पिल्लं सुगानुमाला फुकट दिली होती.

तिथेच चुकलं, असं कुवाबाराला हल्ली वाटे.

रांचू हा मासा पाठीवर पर नसलेला, डोक्यावर मांसल गाठींचं मुंडासं बांधलेला. तो काचेतून बघायचा नसतो, उथळ हौदात वरून बघायचा. प्रदर्शनात त्याला पांढऱ्या एनॅमलच्या तसराळ्यात सोडतात आणि पंच मान वाकवून त्याची पाठ, शेपटीची फाक आणि चाल पाहतात. मग सुमो पैलवानांचे लावतात तसे मानाचे क्रम लागतात. सर्वांत वरचा तो पूर्वेचा ओझेकी. सुगानुमा गेल्या तीन वर्षांत दोनदा पूर्वेचा ओझेकी झाला होता. मंडळातले लोक आता त्याला 'मास्तर' म्हणत. कुवाबाराचं नाव बावीस वर्षांत एकदाच छापून आलं होतं, तेही क्रमांच्या तक्त्यात इतकं खाली आणि इतक्या बारीक अक्षरात की त्याची बायको चिझू चष्मा घालूनही शोधत बसली. "सापडलं हो," ती शेवटी म्हणाली. "मुंगी मेलीय असं वाटलं मला."

मास्तर! ज्याला हिरवं पाणी आणि शेवाळं यातला फरक कळत नव्हता तो मास्तर. कुवाबाराच्या पोटात दुखे ते खरंच पोटात दुखे, बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. आणि आता रोज सकाळी त्याच माणसाच्या माशांना बोटांनी चाचपून धुतलेले लाल किडे घालायचे, त्यांचं पाणी मुरवायचं, त्यांच्यावर जाळी टाकून मांजर अडवायचं. चिझूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नाही म्हण, तुझ्याच्याने ते बघवणार नाही. त्याने ऐकलं नाही. नाही म्हणणं म्हणजे जळतोय हे कबूल करणं.

त्याने कामात कसूर केली नाही. एक दिवसही नाही. मनात आलं नसेल असं नाही. चार किडे जास्त घातले असते तरी त्या फुगीर पोटाचा तोल जाऊन मासा उलटा तरंगला असता, आणि कुणी विचारलं नसतं. पण माशाने त्याचं काय वाकडं केलं होतं?

खरा घोळ वेगळाच होता. या वर्षी कुवाबाराच्या स्वतःच्या हौदात एक दोन वर्षांचा नर तयार झाला होता, लाल अंगाचा आणि शेपटीच्या टोकांना पांढरा. बावीस वर्षांत असा मासा त्याच्या हाती आला नव्हता. आणि सुगानुमाचा या वर्षीचा पठ्ठ्यासुद्धा लाल, टोकांना पांढरा. एकाच वाणाचे, सख्ख्या भावांसारखे. सकाळी साडेसहाला तो सुगानुमाचा मासा बघे आणि त्याला वाटे, हाच उजवा. सात वाजता घरी येऊन आपला बघे आणि वाटे, छे, हा उजवा. रस्ता ओलांडून तीन घरं यायला लागणाऱ्या वेळात पहिला नजरेतून निसटून जाई.

"मग दोघांना दोन तसराळ्यांत घालून शेजारी ठेव ना," चिझू वैतागून म्हणाली.

बायकांना एवढं सोपं वाटतं. दोन तसराळी म्हणजे दोन तळ, पाण्याची खोली बोटभर कमीजास्त, उजेडाचा कोन वेगळा. नजर फसते. एकाच पाण्यात आल्याशिवाय मासा कळत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी त्याने ते केलं. फुमिए हॉस्पिटलात निघून गेलेली बघून तो आपला मासा बादलीत घालून सुगानुमाच्या परसात घेऊन आला, पांढरं तसराळं अंगणाच्या मधोमध मांडलं, पाणी ओतलं आणि दोघांना त्यात सोडलं. त्या दिवशी त्याने फाटकाशी हात धुतले होते की नाही, हे त्याला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

दोघं तसराळ्याच्या कडेने निघाले. कुवाबारा उकिडवा बसला आणि बघतच राहिला. सुगानुमाचा मासा चांगला होता, अंगाने भरलेला, देखणा. पण त्याचा स्वतःचा मासा चालला की पाठीपासून शेपटीपर्यंत सगळं एका दमात चाले. दुसरा मासा पोहतोय हे दिसे, हा नुसता पुढे जाई. कुवाबाराला हुंदका आला तो त्याने खोकल्यासारखा करून गिळला.

"अय्या, आज बाहेर काढलंत?"

मागे फुमिए उभी होती. नवऱ्याचा चष्मा घरी राहिला म्हणून ती बसस्टॉपवरून परत आली होती. तिने वाकून तसराळ्यात पाहिलं. तीस वर्षं दुकानात गिऱ्हाइकांची डोकी वरून बघितलेली बाई ती, वरून बघण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

"हा आमचा ना?" तिने बोट दाखवलं. "कसला दिसतोय. हाच होणार बघा ओझेकी."

तिचं बोट कुवाबाराच्या माशावर होतं.

"हं," कुवाबारा म्हणाला. दुसरा कुणाचा, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. ती चष्मा घेऊन गेली. त्याने एकेक मासा आपापल्या जागी पोचवला.

नियमाप्रमाणे आपला मासा त्याने निदान तीन आठवडे वेगळ्या टोपात ठेवायला हवा होता. प्रदर्शनाला गेलेला मासा तो नेहमी तसाच वेगळा ठेवी, लगेच मूळ हौदात कधीच सोडत नसे. पण एकटा पडलेला रांचू खाणं सोडतो, अंगाने उतरतो, आणि प्रदर्शन तोंडावर आलं होतं. आणि सुगानुमाचे मासे तर ठणठणीत होते, ते तो स्वतःच रोज बघत होता. त्याने मासा मूळ हौदात सोडून दिला. त्या रात्री तो वीस वर्षांनी लहान झाल्यासारखा झोपला, आणि चिझूने त्याला घोरू नकोस म्हणून दोनदा ढोसलं.

नवव्या दिवशी एक मासा कोपऱ्यात पर मिटून उभा होता. कुवाबाराने त्याला ओंजळीत घेऊन कल्ल्याची झाकणी उचलली. आत लाल असायला हवं तिथे धुवून पिळलेल्या फडक्यासारखा रंग होता. त्याला काय ते तिथल्या तिथे कळलं. या रोगाला एकच उपाय, पाणी तापवून तेहेतीस अंशांवर धरून ठेवायचं. त्याने घरातले सगळे हीटर लावले, शेजारच्यांचे आणले, फ्यूज दोनदा उडाला. पण जाळी एकच होती आणि ती तिन्ही हौदांत फिरली होती. चोवीस माशांपैकी एकवीस गेले. तो लाल, पांढऱ्या टोकांचा, तिसऱ्या दिवशी गेला. उरल्या त्या तीन म्हाताऱ्या माद्या, ज्यांची अंडी घालायची वर्षं संपली होती. बावीस वर्षांचा वाण आठवड्याभरात संपला.

चिझूने परसात खणून दिलं, एवढंच.

सुगानुमाचे मासे मात्र हौदात मजेत फिरत होते. कुवाबारा त्यांना रोज खायला घालत राहिला, आता दुप्पट वेळ हात धुऊन. त्या माशांकडे बघताना आपल्याला नक्की काय वाटतं हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

हॉस्पिटलात सुगानुमा कुबड्या घेऊन चालायला शिकत होता. तो खाटेवर टेकला तसा कुवाबारा खुर्चीवर बसला आणि त्याने सरळ विचारलं, "यंदा तुझ्याकडे रोग आला होता का?"

सुगानुमाचा चेहरा पडला.

"मे महिन्यात. सहा गेले, बाकीचे तापवून वाचवले. गेल्या साली प्रदर्शनातूनच घेऊन आलो असणार. वाचले त्यांना आता काही होत नाही. मंडळात सांगितलं असतं तर यंदा येऊ दिलं नसतं मला." मग घाईघाईने म्हणाला, "तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. पण तुम्ही माझ्या फाटकाची कडी काढायच्या आधी हात धुणारा माणूस. म्हटलं, तुमच्याकडून कधी चूक व्हायची नाही."

"झाली," कुवाबारा म्हणाला. "एका तसराळ्यात घातले. तुझा आणि माझा."

"का?"

"बघायचं होतं."

सुगानुमाला सगळं समजलं. त्याच नादातला माणूस तो, 'बघायचं होतं' म्हणजे काय हे त्याला उलगडून सांगायची गरज नव्हती. त्याने डोकं खाली झुकवलं, अगदी गादीला टेकेपर्यंत, आणि पुढच्या वसंतात हवी तेवढी पिल्लं घेऊन जा, वाण तुमचाच आहे, असं तो गादीतच पुटपुटला. काय दिसलं, हे मात्र त्याने विचारलं नाही. कुवाबारानेही सांगितलं नाही. आपलाच वाण न्हाव्याच्या हातून भिकेसारखा परत घ्यायचा, या विचाराने त्याची कानशिलं तापली आणि तो पिल्लांबद्दल काहीच न बोलता उठला.

तरीही प्रदर्शनाच्या दिवशी मासा घेऊन गेला तो कुवाबाराच. सुगानुमा हॉस्पिटलातून सुटून आला होता, पण दोन कुबड्या आणि एक बादली त्याला एकदम झेपत नव्हती. नोंदणीच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने मासा पाहिला आणि आनंदाने विचारलं, "अरे कुवाबारा, शेवटी तुझाही आला का असा?" कुवाबाराने मालकाच्या रकान्यात सुगानुमाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असल्याने त्याला ते दोनदा सांगावं लागलं.

तीन वाजता क्रम लागले. सुगानुमा पूर्वेचा ओझेकी झाला. लोकांनी मास्तर मास्तर म्हणून त्याचे खांदे थोपटले, कुबडी घसरून पडली ती कुवाबाराने उचलून दिली.

संध्याकाळी फुमिएने दोघांना भाजलेल्या वामचा भात खायला नेलं. सुगानुमाने आपल्या बाजूला ओझेकीला बक्षीस मिळणारा मानाचा पंखा ठेवला होता. जेवण समोर आलं तरी त्याने काड्या उचलल्या नाहीत. फुमिए पाणी आणायला उठली तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "फुमिएने मला सांगितलं. त्या दिवशी तिने तुमच्या माशाला आमचा समजून बोट दाखवलं म्हणून. आज तसराळ्यात आमचा बघितल्यावर तिला कळलं." पंखा बाजूला सरकवून त्याने विचारलं, "कुवाबारासान, खरं सांगा. माझ्याहून चांगला होता का?"

कुवाबाराने त्याच्याकडे पाहिलं. रोज दाढी करताना आरशात जो चेहरा त्याला गेली तीन वर्षं दिसत होता, तोच समोर बसला होता. ओझेकीचा पंखा जवळ असून या माणसाला जेवण जात नव्हतं. कुवाबाराला आयुष्यात हेच बघायचं होतं, आणि ते आता अगदी समोर, हातभर अंतरावर होतं. हो म्हटलं की झालं. त्या माशाचं आता या जगात तेवढंच उरलं होतं, दोन माणसांच्या नजरेतलं खरं, आणि त्यातली एक फुमिए.

"वळताना शेपटी जरा उजवीकडे पडायची," तो म्हणाला. "फुमिएसानला नाही कळणार ते. मी रोज बघायचो, मला कळायचं. तुझाच चांगला होता."

तसं काही नव्हतं.

सुगानुमाचे खांदे सैल झाले. "तरीच," तो म्हणाला, आणि काड्या उचलून जेवू लागला.

तो 'तरीच' कुवाबाराला खोलवर झोंबला. त्याने आपला वाडगा पुढे ओढला. भात निवून गेला होता. त्याने तो सावकाश, एकही शीत न ठेवता संपवला.