वाटसरूची घागर

आशाबाईंनी फोटो हातात घेतला, चष्मा न लावताच तो परातीत पालथा ठेवला आणि मघाची घागर मांडीशी ओढून तिच्या गळ्याला पुन्हा सूत गुंडाळायला लागल्या.

"मावशी, एकदा बघा तरी," शैलजाताई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांचं नाव आहे त्या दगडावर."

"सणाच्या दिवशी दगडं काय पाहायचे?"

दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा होता. जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात घरोघरी पितरांच्या घागरी भरल्या जात होत्या. गेलेल्या प्रत्येक माणसाची एक घागर. तिच्या गळ्याला सूत, वर डांगर, म्हणजे खरबूज, नि आंबा, अंगावर कुंकवाची बोटं, आणि बोटं उमटवताना ओठांतल्या ओठांत त्या माणसाचं नाव घ्यायचं. लग्नानंतरही माहेरच्याच घरात राहिलेल्या आशाबाईंच्या ओसरीत आजा, आजी, आई आणि नवरा अशा चौघांच्या घागरी ओळीने मांडलेल्या होत्या. वडिलांची नव्हती. ती कधीच भरली गेली नाही.

वैजनाथ इंगळे दुसऱ्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन गेला तेव्हा आशाबाई पाळण्यात होत्या. तो परत आला नाही. त्याची बायको मैनाबाई मात्र शेवटपर्यंत कपाळभर कुंकू लावून वावरली. कोणी घागरीचा विषय काढला की म्हणायची, जित्या माणसाची घागर भरून त्याले मारू का? ती अहेवपणी गेली तेव्हा तिची ओटी भरायला अर्धं गाव लोटलं होतं.

आणि आता चिखलीहून एसटी बदलत बदलत आलेल्या या बाई सांगत होत्या, की वैजनाथ इंगळे चव्वेचाळीस सालीच ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर मारला गेला.

शैलजाताई शाळेतून निवृत्त झालेल्या. नावावर चौदा रहस्यकादंबऱ्या आणि युद्धांच्या इतिहासाची तीन पुस्तकं. कादंबऱ्या स्टँडवरच्या दुकानात हातोहात खपत, इतिहास माळ्यावर धूळ खात बसे. प्रकाशकाने कितीदा तरी समजावलं होतं, ताई, एक माणूस मेला तर लोक वाचतात, हजार मेले तर नाही वाचत, तुम्ही आपले खून लिहा. पण हट्टाला पेटलेल्या बाईपुढे प्रकाशकाचं काय चालणार? चौथं पुस्तक जिल्ह्यातून त्या युद्धावर गेलेल्यांचं होतं. छपाईला जायचं तेवढं बाकी होतं, आणि त्यात एकाच नावापुढची जागा अडली होती. तिथल्या युद्धस्मारकाच्या दगडावरच्या नावाशी पलटणीच्या नोंदी जुळवून त्यांनी ती भरली. पण घरच्यांना न सांगता असं काही छापणं त्यांना पटेना.

आशाबाईंचा मुलगा भागवत खूश झाला होता. गावाच्या वेशीवर आजोबांच्या नावाची कमान उभारायचं त्याने चहा संपायच्या आत ठरवूनही टाकलं. आशाबाईंनी त्याला आंब्याचे डहाळे आणायला पिटाळलं. चुलीपाशी पुरणपोळ्या लाटणारी सून अपेक्षा मात्र वेगळ्याच आनंदात होती. दुपारच्या वेळी ती सासूला शैलजाताईंच्या कादंबऱ्या वाचून दाखवायची, आणि आज लेखिकाच दारी आली होती.

"आमच्या आत्याबाईले अर्ध्या पुस्तकातच खुनी कळते, मॅडम," ती म्हणाली. "पण सांगत नाहीत."

"सांगतलं तं वाचणाऱ्याची मजा जाते," आशाबाई म्हणाल्या. "ज्याचं त्याले कळू द्यावं."

मग त्यांनी सूत बाजूला ठेवलं.

"ताई, कादंबरीत तुमी मेलेला मानूस जिता करता. माह्या मायसाठी एक ओळ नाई बदलत? बेपत्ता लिवा. गावालेबी तेच माईत आहे."

शैलजाताई काही बोलणार, तोच त्यांनी हाताने थांबवलं. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुलींना पहिली हळद मैनाबाईने लावली होती. कुठलंही लगीन असो, पहिला मान तिचा. त्या मुली आता आज्या झाल्या होत्या.

"त्याईले कळलं का हळद लावणारी रांडमुंड होती, तं काय म्हनतील मायले?"

आपण या घरात सणाच्या दिवशी काय घेऊन आलो, असं शैलजाताईंना वाटलं. फोटो उचलावा आणि निघून जावं, असंही वाटलं. पण कादंबरीत वाटेल त्याला मारणारी आणि उठवणारी ही बाई इतिहासात काना-मात्रा हलवू देत नसे.

"मावशी, ते मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "एकाचं खोटं लिहिलं, की बाकीच्यांचंही कोणी खरं मानणार नाही. ते सगळे पुन्हा मरतील."

आशाबाईंनी पुन्हा सूत उचललं. आता बसण्यात अर्थ नव्हता. शैलजाताईंनी पिशवी उचलली. उन्हात निघायचं तर घोटभर पाणी प्यावं म्हणून त्या अंगणात आल्या, तर निंबाखाली आणखी एक घागर दिसली.

"त्या वाटसरूच्या घागरीतलं घ्या," अपेक्षाने आतून सांगितलं. "आजीसासूपासूनची रीत आहे. आखाजीले येनाऱ्या-जानाऱ्यासाठी एक बाहेर ठेवतो."

शैलजाताईंनी पेला हातात घेतला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. घागरीच्या गळ्याला सूत होतं. वर डांगर आणि आंबा. अंगावर कुंकवाची ओली बोटं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं तर घागर आणि पेला पुरे. सूत कशाला, कुंकू कशाला? वाटसरूचं नाव काय म्हणून घेत असतील? असली खूण त्या स्वतः कादंबरीच्या पहिल्या काही पानांत टाकून देत, वाचकाची नजर चुकेल म्हणून. आज त्यांचीच चुकणार होती.

पाणी न पिताच त्यांनी पेला पालथा ठेवला आणि ओसरीत येऊन आशाबाईंच्या अगदी जवळ बसल्या.

"मावशी, त्या बाहेरच्या घागरीला कुंकू कोण लावायचं?"

"माय." आशाबाई म्हणाल्या, "आता मी."

चुलीवरची पोळी करपल्याचा वास आला. अपेक्षाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पलटनीतला एक मानूस आला होता," आशाबाई हळू बोलत होत्या. "मी लहान होती. निंबाखाली पानी पिला, मायशी काई बोलला नि गेला. माय लय वेळ तिथंच बसली. मंग उठून आरशासमोर गेली नि होतं त्याच्याहून मोठं कुंकू लावलं. पुढच्या आखाजीपासून ही घागर. मले कोनी काई सांगतलं नाई. पन मले अर्ध्यातच कळते."

"पण कशासाठी, मावशी?"

"पोटी मी एकली पोरगी. नवरा मेला म्हनली असती तं काका लोकाईनं दुसऱ्या दिवशी माहेरी धाडलं असतं आमाले. लढाईवरच्या मानसाचा हिस्सा कोन कसा खाईन? हे घर, हे वावर, मायनं कुंकवानं राखलं."

शैलजाताईंच्या पिशवीत पेन होतं, पण त्यांनी तिकडे हात नेला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचीही त्यांना गरज वाटली नाही.

"तारीख मी बदलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही हो म्हणालात तर हेही खाली लिहीन. नाही म्हणालात तर माझ्यापाशीच राहील."

आशाबाईंनी आईच्या घागरीला उरलेली कुंकवाची बोटं लावली. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि अंगणात गेल्या. निंबाखालची भरली घागर त्यांनी कडेवर घेतली. अपेक्षा धावली, तिला त्यांनी नजरेनेच मागे सारलं. पाणी हिंदकळून लुगडं भिजलं, पण त्या कुठे टेकल्या नाहीत. ओसरीत येऊन त्यांनी आईच्या घागरीशेजारी जागा केली आणि ती घागर तिथे ठेवली.

तेवढ्यात भागवत डहाळे घेऊन आला आणि दारातच थबकला.

"माय, ही आत काऊन आनली? वाटसरूची आहे ना?"

"तो घरी आला," आशाबाई म्हणाल्या. "बाहेर दुसरी भरून ठेव. उन्हाचे लोकं येतीन."

मग त्या बसल्या, परातीतला फोटो सुलटा करून पदराने पुसला आणि सुनेकडे चष्मा मागितला.