मलमलीत गुंडाळलेली गाणी

पुठ्ठ्याच्या पेटीची फीत इलियासचाचांच्या बोटांतून तिसऱ्यांदा निसटली. समोर बसलेले भाऊसो बघत होते.

सांगलीच्या त्या वाचनालयात जीर्ण पुस्तकं इलियासचाचांच्या ताब्यात होती. ती मलमलीत गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवायची आणि कुणी मागितली तर सोडून दाखवायची. उजवा हात थरथरायला लागून वर्ष होत आलं होतं. घरी बायको, हाजराबी, कपात चहा अर्धाच ओतायची. इथं चाचांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

भाऊसो फौजेतून निवृत्त झालेले, नदीकाठच्या गावचे. त्यांचे वडील, आबा, माधवनगरच्या कापडगिरणीत होते. स्वतःच्या गाण्यांचं पुस्तक आबांनी छापून घेतलं होतं. घरची प्रत महापुरात गेली. आता वाचनालयातली ही एवढीच उरली होती.

"आई अंथरुणाला खिळलीया," भाऊसो म्हणाले. "आबांचं दळणाचं गाणं म्हण म्हणती. तिला पयल्या दोन वळी येत्यात, म्होरचं आठवत न्हाई. मग रडती. मी जलमभर बाहेर, मला कुठलं यायला? फोटू काढून नेतो, वाचून दाखवतो."

फीत सुटली. फडकं उलगडलं. कागद भाजलेल्या पापडासारखा झाला होता. चाचांनी पानाखाली पातळ पट्टी सरकवली. दोन पानं उलटली. तिसऱ्याला हाताला हिसका बसला आणि पानाचा कोपरा तुटून टेबलावर पडला.

भाऊसो अर्धवट उठले. पुन्हा बसले.

गाणं अजून बरंच आत होतं. पुस्तक उघडण्यासारखं नाही म्हणून सांगितलं असतं, तर कुणी शंका घेतली नसती. भाऊसो तसेच परत गेले असते. चाचांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग त्यांनी ग्रंथपालबाईंना हाक मारली.

"संयोगिता मॅडम, तुमी या हिकडं. माझा हात काबूत न्हाई."

"कधीपासून?"

"वरीस झालं."

"चाचा, अहो, सांगायचं नाही का?"

"सांगून घरी बसून काय करू?"

संयोगिताने पट्टी हातात घेतली. ती खुर्ची ओढून बसली. "मी हे कधी केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी सांगतो की. पट्टी जरा आडवी धरा. वढू नका. दम धरा, पान आपसूक उठंल."

चाचांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पान सावकाश उठलं आणि न तुटता उलटलं. असं करत करत गाणं आलं.

भाऊसो पाठीमागं हात बांधून वाकले. ओठ हलत होते. मध्येच थांबले.

"आईचं नाव हाय ह्यात," ते म्हणाले. "मनू. गिरणीतनं घरी येतोय, मनू, जातं थांबीव, आसं. हे आई कवा बोलली न्हाई आमाला."

त्यांनी दोनदा फोटो काढला. संयोगिताने तुटलेला कोपरा छोट्या पाकिटात ठेवला आणि चाचांनी सांगितलं तसं पुस्तक गुंडाळलं. पुढच्या पेट्या कोण सोडणार, हा प्रश्न तसाच राहिला.

निघताना भाऊसोंनी चाचांचे दोन्ही हात हातांत घेतले. उजवा थरथरतच होता. भाऊसोंनी ते बराच वेळ सोडले नाहीत.