पलीकडून आलेला फोन

नदी वरच्या देशातून खाली येते. तो देश मोठा, हा लहान. रोज सकाळी तिकडच्या धरणावरचे दादा फोनवर पाण्याची पातळी सांगत आणि इकडच्या जलमापन केंद्रातल्या ताई ती उतरवून घेत. आकडा झाला की दादा एखादं वाक्य जास्तीचं बोलत. आज गुडघा धरलाय. सुनेने चहातली साखर बंद केली. आई गेल्यापासून ताईंशी दिवसभरात आपणहून तेवढंच कोणी बोलायचं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

मग तिकडे सत्ता बदलली. इकडे मंत्रालयाचा आदेश आला, नव्या सरकारचं अभिनंदन होईपर्यंत तिकडचा फोन उचलायचा नाही. उचलला तर मान्यता दिल्यासारखं होईल. अभिनंदन कधी, तर त्या देशाचे बाकीचे दोन शेजारी देश काय करतात ते पाहून. ते दोघे इकडे बघत बसले होते.

"हत्ती कूस बदलत असताना उंदराने आधी हलायचं नसतं, ताई," केंद्राचे साहेब म्हणाले.

फोन रोज ठरल्या वेळी वाजला. पाणी ओसरलेले दिवस होते, पुराचा धोका नव्हता. ताई हात मांडीवर ठेवून बसायच्या. घंटा थांबली की पंख्याचा आवाज तेवढा उरायचा.

शेवटी तिन्ही शेजाऱ्यांनी एकाच दुपारी अभिनंदन केलं. दुसऱ्या सकाळी ताईंनी पहिल्याच घंटेला फोन उचलला. आवाज अनोळखी, तरुण होता. दादांचं विचारल्यावर तो म्हणाला, त्यांना काढलं. नव्या वरिष्ठांनी कोणाचे फोन शेजारचे देश उचलतात ते तपासलं; दादांचा एकही उचललेला नव्हता. म्हणजे तुमच्याकडे त्यांना किंमत नाही, असं ठरलं.

खुलासा पाठवू का, असं ताईंनी साहेबांना विचारलं. साहेबांनी हात जोडले. कालच कुठे गोडीगुलाबी झालीय, उगाच राख उकरू नका, म्हणाले.

तिकडे प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो, हे ताईंना ठाऊक होतं. पुढच्या सकाळी आकडा उतरवून घेतल्यावर त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"तुमचे आधीचे दादा रोज वेळेवर फोन करत होते. मी इथेच बसलेली असायचे. आमच्या सरकारचा हुकूम होता, म्हणून मी उचलला नाही. त्यात त्यांची चूक नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"हे पातळीच्या नोंदीत धरायचं नाही ना?" त्या तरुणाने विचारलं.

"नाही. पण पुसू नका."

त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही तोच आवाज आला. आकडा सांगितला, आणि लगेच लाइन बंद झाली.