होडीच्या इंजिनातला प्लग

मी स्पार्क प्लग, बोटाएवढा. जरा मोठ्यानं बोलतोय, कारण तुमच्या-माझ्यामध्ये जाड लोखंड आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर चिनीमातीचा पांढराशुभ्र अंगरखा होता. टोकाला धातूचे दोन दात आणि त्यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट. माझं सगळं आयुष्य त्या फटीत गेलं. वीज ती फट ओलांडते, ठिणगी पडते, पेट्रोलची वाफ भडकते आणि इंजिन फिरतं. हे मिनिटाला हजारो वेळा!

एका नावाड्यानं मला विकत घेतलं आणि पान्यानं होडीच्या इंजिनात आवळलं. बाहेरचा उजेड गेला तो गेलाच. माणसं मला फक्त आवाजावरून कळायची. नावाड्याचा खोकला. त्याच्या सुनेचं "मामंजी, एकदा मला चालवू द्या ना." आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "तू होडी बांधायचा दोर सांभाळ."

एका दुपारी नदी फुगली होती. होडीत अकरा माणसं. माझ्या फटीत काजळी साचली होती, त्यामुळे वीज उडी न मारता काजळीवरूनच मुकाट निघून जाई. भर प्रवाहात इंजिन बंद पडलं. होडी बंधाऱ्याकडे वाहत निघाली. नावाड्यानं इंजिन सुरू करायची दोरी ओढ ओढ ओढली आणि धापा टाकत खाली बसला.

"पाना द्या," सून म्हणाली.

"हात लावू नकोस!"

"मामंजी, बंधारा दिसतोय का? पाना द्या!"

त्यानं दिला. मी तापलेला होतो, तिची बोटं पोळली. तरी तिनं मला बाहेर काढलं, केसातल्या पिनेनं काजळी खरवडली, माझ्यावर विजेच्या तारेची टोपी बसवली आणि मला इंजिनाच्या अंगाला टेकवून ओरडली, "ओढा दोरी!"

टिक. निळी ठिणगी.

"आहे! जीव आहे अजून!"

कितीतरी वर्षांनी मी आभाळ पाहिलं, घाबरलेली माणसं पाहिली. वाटलं, आता नको गं परत आत घालूस. तिनं घातलं. अकरा जीव होते, दुसरं काय करणार? इंजिन धडधडलं, होडी काठाला लागली.

दुसऱ्या दिवशी दोर मात्र नावाड्यानंच धरला.

सात वर्षं तिनं होडी चालवली. मग पूल झाला. इंजिन घरामागच्या शेडमध्ये आलं, आणि गंजानं माझे आटे जखडून टाकले.

गेल्या महिन्यात ती मला काढायला पाना घेऊन आली. दोन्ही हातांनी पान्याला लोंबकळली.

"हलत नाही मेला!"

दारातून म्हातारा खोकत म्हणाला, "बेतानं, मोडेल तो." ती थांबली. पाना खाली ठेवून गेली.

मामंजी, तुमच्या शब्दाखातर ती थांबली, म्हणून तुम्हालाच विनवतोय. मोडलो तर मोडलो. लावू द्या तिला जोर.