वेगळ्या कारखान्याचा सांधा

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. खऱ्या रेल्वेचा नव्हे, टेबलावर धावणाऱ्या छोट्या गाडीचा. आलेल्या गाडीला दोन वाटांपैकी एक दाखवायची, हे माझं काम. माझ्या पोटातली बारीक पाती बोटाने सरकवली की वाट बदलते. आकाराने मी तळहाताएवढाच आहे, पण माझ्यावाचून गाडी घाण्याच्या बैलासारखी एकाच गोलात फिरत राहते.

माझ्या कारखान्यात रूळ उंच आणि जाड करत. मला एका वायरमनने विकत घेतलं. त्याची लेक लहानखुरी आणि चिवट, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. सुट्टीच्या दिवशी बापलेक जमिनीवर पालथे पडून गाडी चालवत. तो माझ्या तारांना डाख द्यायचा, ती मला मऊ ब्रशने पुसायची. माझं कौतुक करायला एवढी दोन माणसं पुरेशी होती.

मग वायरमन आजारी पडला आणि त्यातच गेला. मायलेकी लहान घरात राहायला गेल्या. उंच रूळ कुणाकुणाला देऊन टाकले. मुंगीने मला आणि इंजिनाला मात्र वायरमनच्या मोज्यांत गुंडाळून स्वतःपाशी ठेवलं. त्या अंधारात माझी पाती गंजली. मला फार एकटं वाटायचं.

काही वर्षांनी मुंगीच्या आईने पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरशी लग्न केलं. त्याच्या खोलीतही छोटी रेल्वे होती, पण दुसऱ्या कारखान्याची. बुटके रूळ, पुठ्ठ्याचे डोंगर, सगळं गोंदाने पक्कं बसवलेलं. माणूस भला, पण मुखदुर्बळ. मुंगी त्याच्याशी कामापुरतं बोलायची, आणि काम तर काही नसायचंच.

एके दिवशी तिने मला त्याच्या टेबलावर आणून ठेवलं. बाबांचं इंजिन या सांध्यावरून तुमच्या रुळांवर जाईल का, एवढंच तिने विचारलं. ताटं मांडणाऱ्या आईचा हात जागच्या जागी थांबला. इंजिन पडलं तर ही पोर पुन्हा कधी बाइंडरपुढे काही आणून ठेवणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

बाइंडरने घाई केली. त्याने माझं आणि त्याच्या रुळांचं बूड एका पातळीत बसवलं, त्यामुळे माझा माथा त्याच्या रुळांहून वर राहिला. इंजिन त्या पायरीवरून घसरलं आणि आडवं झालं. मुंगीने ते उचललं आणि ती निघून गेली. बाइंडर अगदी कानकोंडा झाला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर त्याने कानस काढली. पुस्तकाची पानं बाहेर आली की कडा कापायची, हा त्याचा जन्माचा धंदा. उंच आहे त्याला तासायचं, हे त्याला वावगं वाटलंच नाही. कानस माझ्यावर फिरू लागली आणि शाळेतून लवकर परतलेली मुंगी दारात येऊन उभी राहिली.

"तो बाबांनी आणलाय," ती म्हणाली. "त्याला घासू नका."

"मग जुळणार कसा?"

"तुमचे उचला."

बोलायला काय जातं? रूळ एकदम उचलले तर चढ उभा होतो, डबे सुटतात. चढ लांबवर पसरायचा तर अर्धा मार्ग उखडायला हवा, डोंगर आणि स्टेशनासकट. बाइंडरची त्यात इतक्या वर्षांची मेहनत होती, जिवावर येणारच. मग त्याने पातळ सुरी घेतली आणि स्वतःच्या हाताने स्टेशन सोडवलं.

रुळांखाली घालायला त्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, माझ्यापासून दूर पातळ आणि माझ्याजवळ जाड. दोन रूळ जोडणारी पत्र्याची पट्टी त्याच्या रुळाला ढिली होत होती, तेव्हा तिचं एक टोक पकडीने चेपलं. मुंगी आधी दारातून बघत होती, मग ती स्टूल घेऊन जवळ बसली.

"खालून नका बघू," ती हळूच म्हणाली. "जोडावर वरून आणि आतून नख फिरवा. नख अडलं तर चाक अडणार. बाबा असंच करायचे."

त्याने नख फिरवलं. ते अडलं. त्याने आणखी एक कागद सरकवला.

इंजिन आलं. माझ्या पात्यांवरून जोडापाशी आलं, बारीकसं खटकलं आणि त्याच्या रुळांवर उतरून पुढे निघून गेलं. ते पडलं तर झेलायला मुंगी पलीकडे ओंजळ धरून बसली होती. ती ओंजळ तिने तोंडावर घेतली आणि ती रडली, बाबा गेल्यावर रडली नव्हती इतकी. डोक्यावर हात ठेवावा की नाही हे बाइंडरला समजेना. तो बिचारा पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत तिच्याजवळ बसून राहिला.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. दमट हवेत पुठ्ठा दबतो आणि पायरी परत तयार होते. एकदा जुळलं म्हणजे जन्माचं जुळलं, असं समजू नका. दोन कारखान्यांचं काही जोडलं असेल, तर त्याच्याकडे अधूनमधून बघत चला. मुंगी आता दूरच्या शहरात नोकरी करते आणि बाइंडरला बारीक दिसत नाही. ती घरी आली की खांद्यावरची पिशवी उतरायच्या आत तो विचारतो, "जोड दबलाय का गं जरा?"

आणि ती पाणीही न पिता माझ्यावर वाकते. गंजाची मला भीती नाही. हे विचारणारं कुणी उरलं नाही तर, याची आहे.