लाल रेघ काळी झाली

मित्रांनो, मी सौंदडकडच्या एका गावतलावाचा जुना नकाशा आहे. ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून पडलो आहे. वेळ थोडा उरला आहे, म्हणून लांबण लावत नाही.

मला मंजूताईंनी काढलं. त्या नागपूरच्या एका कॉलेजात लँडस्केप आर्किटेक्चर शिकवायच्या. बंगल्यापुढची हिरवळ आखणं म्हणजे हे शास्त्र, असं लोकांना वाटे. ताई म्हणत, वरचं जंगल, तलाव, पाणी अडवणारी त्याची मातीची पार आणि खालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, ही सगळी मिळून एकच रचना आहे, आणि ती पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या आपल्या कोहळी पूर्वजांनी कॉलेजात न जाता केली. हे सिद्ध करायलाच त्या एका उन्हाळ्यात इथे येऊन राहिल्या.

तलावाचं पाणी वाटणारे म्हातारे सुकरामजी पुढे चालत आणि ताई टेप धरून मागे. एका जागी पार बुटकी होती. ताईंना ती ढासळलेली वाटली. सुकरामजींनी तिथे पाय रोवला.

"ढासळली नाही बाई. हे सलंग आहे. जास्तीचं पानी येथून निघून जाते. हे बुजवलं त पार फुटते, अन् खालची टोली घरांसकट वाहून जाते."

ताईंनी त्याच दिवशी तिथे माझ्यावर लाल शाईची जाड रेघ मारली. कोपऱ्यात लिहिलं: 'लाल रेघ म्हणजे इथे काहीही बांधू नये.' खाली स्वतःच्या आधी सुकरामजींचं नाव घातलं. ते वाचून दाखवलं तेव्हा म्हातारा लाजून दुसरीकडेच बघत राहिला.

मग माझे चांगले दिवस आले. माझ्यावरून ताईंनी प्रबंध लिहिला. दरवर्षी त्यांचे विद्यार्थी येत, मला टेबलावर पसरत आणि शेजारच्या तलावांचे तसेच नकाशे काढत. दोन गावांनी बुजलेली सलंगं मोकळी केली. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? मूळ नकाशा गावाचाच, असं म्हणून ताईंनी मला इथे ठेवलं.

मागच्या वर्षी ताई वारल्या. विद्यार्थी येईनासे झाले. गाव हळहळलं आणि प्रेमापोटीच त्याने ठरवलं, की ताईंच्या नावाने तलाव सजवायचा, तोही ताईंच्याच नकाशाप्रमाणे. शिपाई ओमेश मला झेरॉक्सला घेऊन गेला. मी पडलो मशीनपेक्षा रुंद. दुकानदाराने मधला भाग तेवढा काढला. लिहिलेला कोपरा बाहेर राहिला आणि लाल रेघ उतरली काळी.

मी परत कपाटात आलो आणि नक्कल हाती आलेल्या ठेकेदार मुन्नालालला ती जाड काळी रेघ म्हणजे भिंत वाटली. बांधकाम सुरू झालं तसे सुकरामजी काठी टेकत ग्रामपंचायतीत आले. मी कपाटातून सगळं ऐकत होतो.

"सलंगवर भिंत कायले बांधून राहिले?"

"काका, मॅडम के नक्शे में है. ये देखो, सबसे मोटी लाईन," मुन्नालाल म्हणाला.

सरपंच पुष्पाबाईही म्हणाल्या, "ताईनंच काढली जी हे रेघ."

सुकरामजींना आता कागदावरचं दिसत नाही. ते म्हणाले, "बाईनं काढली असन त बराबरच असन. माहीच याद चुकली."

मित्रांनो, मी नळकांड्यात तडफडलो. ज्यांच्या पायांनी मला शहाणं केलं, त्यांनाच माझं नाव सांगून गप्प बसवलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मी कागद आहे. कोणी उघडल्याशिवाय मला काही सांगता येत नाही.

भिंत छातीइतकी झाली, असं ओमेश काल सांगत होता. मृग आठ दिवसांवर आला. टोलीत चाळीस घरं आहेत, त्यातलं एक सुकरामजींचं.

लोकार्पण दिवाळीनंतर ठरलं आहे. त्या दिवशी मला काचेत बसवून सगळ्यांसमोर लावणार आहेत. तेव्हा लाल रेघ आंधळ्यालाही दिसेल, पण मधे सारा पावसाळा आहे.

म्हणून हात जोडून सांगतो. नकलेवर विसंबू नका, मूळ कागद उघडून बघा. पाय रोवून सांगणाऱ्या म्हाताऱ्याला कागद दाखवून गप्प करू नका. आणि तुमच्यापैकी कोणी इकडे येणार असेल, तर आजच या. कपाटाची चावी पुष्पाबाईंच्या टेबलाच्या उजव्या खणात आहे.