सतरावा प्रश्न

"सिरिल, सतराव्या प्रश्नापुढे तुम्ही 'होय' लिहिलंय!"

"मग? खरंच आहे ते."

मी कपाळावर हात मारून घेतला. पाच महिने मी या अर्जांपायी आल्डरहोपमधली दारं ठोठावत होते. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून गुडघे गेलेत माझे, तरी हिंडले. आणि हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा शेजारी अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी, एका शब्दात, सगळ्यावर पाणी ओतून मोकळा!

गावातून गफच्या कुरणातून चर्चला जाणारी आमची पायवाट. दहा मिनिटांची. म्हातारा गफ वारला, मुलांनी शेत विकलं, आणि लंडनहून आलेल्या हार्कोर्टसाहेबांनी तिथं फाटक बसवून कुलूप ठोकलं. आता चर्चला जायचं तर मोठ्या रस्त्यानं दोन मैल. दोन्हीकडे उंच कुंपणं, चालायला वीतभर जागा नाही, आणि गाड्या अंगावर आल्यासारख्या येतात. सिरिलची बायको आयव्ही चर्चच्या आवारात निजली आहे. सव्वीस वर्षं दर रविवारी जेवण झालं की हा माणूस फुलं घेऊन त्या वाटेनं जायचा.

सरकारी नकाशात ती वाट नाही. कचेरीतला साहेब म्हणाला, "वीस वर्षं मालकाला न विचारता चाललेली निदान सहा माणसं आणा. न विचारता चालले तरच तो हक्क. विचारलं, की ती मालकाची मेहेरबानी."

निम्मं गाव शनिवार-रविवारपुरतं येणाऱ्यांचं झालंय. वीस वर्षं त्या वाटेनं चाललेले लोक आणायचे कुठून? माझ्यासकट कसेबसे पाच जमले. सहावे सिरिल. आणि सतरावा प्रश्न नेमका तोच: मालकाची परवानगी कधी मागितली होती का?

"तुम्ही गफला कधी विचारलंत?"

"दर नाताळला. घरी मुरवलेल्या जिनची बाटली घेऊन जायचो. म्हणायचो, यंदाही तुझ्या शेतातून गेलो तर चालेल ना?"

"आणि तो काय म्हणायचा?"

सिरिल हसले. "म्हणायचा, विचारतोस काय बावळटा, वाट काय माझ्या बापाची आहे?"

"मग विचारायचात कशाला!" मी ओरडलेच.

"दुसऱ्याच्या शेतातून जायचं, ग्लेनिस. न विचारता कसं जायचं?"

"ते 'होय' खोडा. गफ काही उठून सांगायला येत नाही."

"खाली सही आहे माझी. वर छापलंय, हे सगळं खरं आहे म्हणून."

"एक शब्द आहे हो!"

"एकच आहे. म्हणून तर नीट लिहिला."

माझा तोल गेला. "तुमच्या या सभ्यपणापायी आयव्हीकडची वाट गेली, कळतंय का तुम्हाला?"

त्यांनी कप धुऊन पालथा घातला, टोपी घातली, परसातले चार डेलिया कापून कागदात गुंडाळले. रविवार होता. स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली मला. मी मुकाट्यानं त्यांच्या मागून निघाले.

मला वाटलं, सरळ मोठ्या रस्त्याला लागतील. पण ते फाटकापाशी थांबले, टोपी काढली आणि घंटीचं बटण दाबलं.

"कोण?" खांबावरच्या डबीतून हार्कोर्टचा आवाज आला.

"सिरिल बेडोज, साहेब. गावातला. चर्चला जायचंय बायकोकडे. कुरणातून गेलो तर चालेल का?"

"नाही जमणार. खाजगी जागा आहे. रस्त्यानं जा."

"बरं. तसदी दिली, माफ करा."

मी त्या डबीला चार शिव्या हासडणार होते. सिरिलनी माझा दंड धरला. टोपी पुन्हा घातली आणि आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो.

गाडी आली की आम्ही कुंपणाला चिकटून उभे राहायचो. काटे पाठीत घुसायचे. गाडीवाला वेग कमी करायचा, की सिरिल फुलं धरलेला हात उचलून त्याचे आभार मानायचे. दर गाडीला. मला ते बघवेना.

वळणावर एक गाडी अजिबात न थांबता इतक्या जवळून गेली की एका डेलियाच्या पाकळ्या रस्त्यावर उडाल्या. सिरिलनी तिलाही हात केला.